रस्टीचं गाणं

गाण्याचा ग्रुप काढला की गाणी बसतील याची खात्री कुणी देऊ शकत नाही. किस्से मात्र आपोआप बसतात! त्यांना रियाज लागत नाही, पट्टी ठरवावी लागत नाही. आमच्या टेक्सासमधल्या अर्विंगच्या ग्रुपचंच बघा. दर शनिवारी संध्याकाळी आम्ही आमच्या गॅरेजमध्ये जमतो. गाड्या बाहेर उन्हात, आत सतरंज्या. निम्मा वेळ पेटी कुणाच्या गाडीत राहिली ते शोधण्यात जातो, उरलेला चहा कुणी करायचा यावर वाद घालण्यात. मधे वेळ मिळाला तर गातो.

ग्रुपमध्ये कोण कोण, ते आधी सांगते. तबला-ढोलकीवर माझा नवरा प्रशांत, कराडचा. पेटीवर हेमंत. तो पुण्याचा, त्यामुळे पेटीबरोबर मतंही त्याचीच असतात. कोरस कमी-जास्त होतो. ऑफिसात सॉफ्टवेअरचा रिलीज असला की दोघं, घरात बटाटेवडे असले की गॅरेज फुल्ल! मी गाते थोडं आणि ओरडते जास्त.

आणि आमचे वेनकाका. "हे वेनकाका कुठले?" असं सगळेच विचारतात. अहो, टेक्सासचेच! आमच्या शेजारच्या घरातले. आयुष्यभर लोकांचे एसी दुरुस्त केले, आता रिटायर्ड आहेत. त्यांचं इंग्रजी अर्धं ओठांच्या आतच राहतं, म्हणून मी त्यांचं बोलणं इथे सरळ मराठीतच सांगते.

*

वेनकाका पहिल्यांदा आले तेव्हा आमची पाचावर धारण बसली होती. आम्ही तारसप्तकात, प्रशांतचा तबला जोरात, आणि गॅरेजच्या दारात हा सहा फुटी गोरा म्हातारा, खिशात हात घालून उभा. गाणं जागच्या जागी बंद पडलं.

हेमंत तोंडभर हसून पुढे झाला. "सॉरी, सॉरी! वी विल क्लोज द डोअर."

"दार राहू द्या," म्हातारा म्हणाला. "तो छोटा ड्रम किंचित चढलाय, एवढंच सांगायला आलो."

हेमंतने त्याला मिठीच मारायची बाकी ठेवली होती. तबला चढलाय हे तो कित्येक शनिवार प्रशांतला सांगत होता आणि प्रशांत पेटीवर ढकलत होता! त्याने लगेच खुर्ची दिली, चहा दिला, माझ्या डब्यातली चकली दिली.

प्रशांत रात्री जेवताना म्हणाला, "पोलिसात कंप्लेंट केली असती तरी चाललं असतं यार!"

*

पुढच्या शनिवारपासून काका स्वतःची फोल्डिंगची खुर्ची घेऊन यायला लागले. मग एकदा गिटारही आली. आम्ही आग्रह केला, "काका, काहीतरी म्हणा ना."

"माझ्याकडे एकच गाणं आहे," ते म्हणाले.

त्या एका गाण्याची हकीकत अशी. काकांची बायको, जून तिचं नाव, त्यांना सोडून गेली. भांडण नाही, आदळआपट नाही. सकाळी कॉफी केली, बॅग गाडीत ठेवली, रस्टी नावाचा कुत्रा शेजारच्या सीटवर बसवला आणि गेली. काका एसीखाली आडवे पडून वर्षानुवर्षं एक धून गुणगुणायचे. बायको गेल्यावर त्या धुनेला शब्द सापडले. घर ने, ट्रक ने, अंगणातलं झाड हवं तर उपटून ने, पण रस्टीला ठेवून जा. असं ते गाणं!

ते घेऊन ते नॅशव्हिलला गेले. रेकॉर्ड झालं, पण रेकॉर्ड काढणारी कंपनीच आधी बुडाली आणि गाणं बाहेर आलंच नाही. त्यांना नाव नको होतं, पैसा नको होता. गाणं गाजलं तर कुठेतरी, कधीतरी जूनच्या कानावर पडेल, एवढाच त्यांचा हिशेब होता. ती कुठे आहे हे त्यांना माहीत नव्हतं. शोधायला गेले नाहीत, कारण शोधून बोलणार काय?

काका गायले. आवाज फाटलेला, पण सूर जागेवर. मला तर रडूच आलं, आणि मी सहसा कोथिंबीर महागल्याशिवाय रडत नाही.

हेमंतने डोळे पुसले, पेटीवर चार स्वर दाबून बघितले आणि ओरडला, "काका! धिस इज भूप! प्युअर भूप!"

काका ताडकन उठले. "हा भूप कोण ते मला माहीत नाही. पण मी त्याचं काहीही चोरलेलं नाही!"

भूप हा माणूस नसून राग आहे, तो कुणाच्याही मालकीचा नाही, हे समजावण्यात बाकीची संध्याकाळ गेली.

*

आता भूपच म्हटल्यावर हेमंत गप्प बसतो का! त्याने गाण्याचं मराठी केलं. "सारे घेऊनि जा, परि श्वान माझ्या दारी राहो."

प्रशांत म्हणाला, "श्वान? अरे, श्वान म्हटल्यावर ती बाई परत येणार नाही, पोलिसांचं पथक येईल!"

पण हेमंतचा श्वान कायम राहिला. त्याच आठवड्यात एकांकडे सत्यनारायण होता. पूजा झाल्यावर यजमान म्हणाले, म्हणा काहीतरी. आम्ही हेच म्हटलं. हेमंतने संथ लय धरली, प्रशांतने भजनी ठेका लावला, कोरसला कुणीतरी टाळ दिले. सगळं ने, धन ने, घर ने, फक्त श्वान दारी राहो!

गुरुजी (सोमवार ते शुक्रवार डेटाबेस सांभाळतात) डोळे मिटून डोलत होते. गाणं संपलं तसे हात जोडून म्हणाले, "वा! काय वैराग्य आहे! दत्तगुरूंच्या पायाशी बसणाऱ्या श्वानांवरचं इतकं सुंदर पद मी आजवर ऐकलं नव्हतं. कुणाचं?"

हेमंतने तोंड उघडलं होतं, पण समोर प्रसादाची ताटं आली. आणि एकदा प्रसाद वाटल्यावर खुलासा कसा करणार?

कुणीतरी मोबाइलवर रेकॉर्डिंग केलं होतंच. ते नॉर्थ कॅरोलिनाला, मॉरिसव्हिलच्या एका भजनी मंडळात पोचलं. तिथे दर गुरुवारी दत्ताची भजनं होतात. त्यांनी हे पद आरतीच्या आधी घेतलं ते कायमचंच.

काकांना हे सांगायची जबाबदारी अर्थातच माझ्यावर! मी म्हटलं, "काका, तुमचं गाणं आता देवापुढे म्हणतात."

"कुठल्या देवापुढे?"

"आमचे एक देव आहेत. त्यांच्याजवळ चार कुत्रे असतात."

काकांनी बोटांवर चार मोजले. मग म्हणाले, "चारही त्याच्याकडेच राहिले?"

*

आमची सई तेव्हा चौथीत होती. शाळेत ज्याने त्याने आपल्या भाषेतलं गाणं म्हणायचं होतं. तिला घरात सतत कानावर पडणारं हे एकच गाणं पाठ! ती स्टेजवर उभी राहिली आणि "सारे घेऊनि जा" अख्खं म्हणाली, टाळ्या घेतल्या.

टीचर अगदी भारावल्या होत्या. "सई, किती शांत वाटलं ऐकून! हे तुमच्याकडचं पारंपरिक गाणं आहे का? कशाबद्दल आहे?"

सई म्हणाली, "इट्स अबाउट कस्टडी!"

त्यानंतर शाळेच्या काउन्सेलरचा प्रशांतला फोन आला. घरात, तुम्हा दोघांत, सगळं ठीक आहे ना, असं फार हळुवारपणे विचारत होत्या.

*

मग माझ्या सासूबाई आल्या, सहा महिन्यांसाठी. एकट्याच आल्या. सासरे कराड सोडून कुठे येत नाहीत.

पहिल्याच शनिवारी त्या गॅरेजमध्ये मेथी निवडत बसल्या होत्या. वेनकाका इंग्रजीतून गायले. गाणं संपल्यावर सासूबाईंनी मला विचारलं, "मेधा, काय म्हणतायत गं ते वेनराव?"

मी अर्थ सांगितला. घर ने, ट्रक ने, कुत्रा ठेव.

"आणि ती का गेली?"

"ते गाण्यात नाहीये, आई."

"असं कसं? हे सगळं त्याचंच झालं. तिचं कुठंय?"

हेमंत म्हणाला, "काकू, कवीने ते मुद्दाम मोकळं ठेवलंय."

"कवीने ठेवलं असेल. आमच्याकडे मंगळागौरीला गाण्यात सुनेचं कडवं नसलं की आम्ही तिथल्या तिथे घालतो," असं म्हणून सासूबाईंनी मेथीच्या काड्या बाजूला केल्या आणि भूप-बिप काही न विचारता काकांच्या चालीत म्हणाल्या:

"उठता रस्टी, बसता रस्टी, रस्टीला सगळं ठाव,
जेवायला वाढते कोण, तिचं विसरलास नाव.
नेला कुत्रा, नेला खरा, राग नको मानू,
तुझं बोलणं त्याच्यापाशी, दुसरं कुठून आणू?"

काका सगळ्यांच्या तोंडाकडे बघायला लागले. "काय म्हणाल्या त्या?"

कोरसमधले दोघं चहा बघायला आत पळाले. शेवटी मीच सांगितलं, शब्दाला शब्द: तू बोलायचास ते फक्त कुत्र्याशी, म्हणून ती त्यालाच घेऊन गेली. काकांनी ऐकून घेतलं, खुर्ची मिटली, टोपी घातली आणि गेले. बटाटेवडा प्लेटमध्ये तसाच!

हेमंत सासूबाईंना म्हणाला, "काकू, तुम्ही त्यांना दुखावलंत."

"दुखलं तर दुखलं," त्या म्हणाल्या. "खोटं असतं तर वडा खाऊन गेला असता."

*

त्यानंतर काका येईनात. शेजारी असून दिसेनात. मी घाबरले. एवढा चांगला शेजारी चार ओळींपायी घालवला, म्हणून मी मनातल्या मनात सासूबाईंशी रोज भांडत होते. मोठ्याने भांडायची हिंमत नव्हती. त्या मात्र रोज संध्याकाळी काकांच्या पायरीवर एक डबा ठेवून यायच्या. सकाळी डबा धुतलेला परत!

"जेवतोय ना, मग येईल," त्या म्हणायच्या.

एका शनिवारी आले. गिटार काढली आणि गाणं गायले. शेवटी थांबले नाहीत. सासूबाईंचं कडवं इंग्रजीत केलं होतं आणि त्याच चालीत बसवलं होतं. गाऊन झाल्यावर सासूबाईंकडे बघून म्हणाले, "माझी तीन कडवी बिघडली तरी चालतील. हे तसंच राहायला पाहिजे."

मी भाषांतर केलं. सासूबाई म्हणाल्या, "त्यांना सांग, आमटीत आज मीठ जास्त पडलंय, सांभाळून घ्या."

*

कडवं जोडल्यावर गाणं सुटलंच! दोन बाजू आल्या ना, मग भांडायला सोपं. डॅलसमधल्या एका लग्नात संगीताच्या कार्यक्रमात वरपक्षाने पहिली कडवी म्हटली आणि वधूपक्षाने शेवटचं. तिथल्या तिथे वधूपक्ष जिंकला. कॅलिफोर्नियात क्युपर्टिनोच्या पोरांनी ड्रम आणि बास गिटार लावून फ्यूजन केलं. नवीन आलेल्या स्टुडंट्सनी "घर ने, गाडी ने, पण व्हिसा ठेवून जा" केलं. मॉरिसव्हिलच्या बायकांनी सासूबाईंचं कडवं जसंच्या तसं भजनात घेतलं. रस्टी हा दत्तगुरूंचा कितवा कुत्रा, असा प्रश्न तिथे कुणी विचारला नाही.

गाणं खरंच सगळ्यांचं झालं हे कसं ओळखायचं? मूळ माणसाला कुणी विचारेनासं झालं की समजायचं. आमच्या गणपतीत क्युपर्टिनोहून एक पाहुणे आले होते, गाण्यातले जाणकार. वेनकाका कुडता घालून स्टेजवर पाठ केलेल्या मराठीतून गायले. पाहुणे नंतर त्यांच्याजवळ गेले आणि फार आदबीने म्हणाले, "सर, छान म्हणता. पण हे आमचं जुनं वऱ्हाडी लोकगीत आहे. माझी आजी म्हणायची. मूळ चालीत दुसऱ्या ओळीला गळ्यातून एक बारीकशी हरकत घेतात, ती तुमची सुटते."

प्रशांत मधे पडला. "तुमच्या आजी टेक्सासच्या का?"

काकांनी त्याला हाताने गप्प केलं आणि पाहुण्यांकडून ती हरकत शिकून घेतली! घरी येताना गाडीत तीच घोकत होते. मी म्हटलं, "काका, गाणं तुमचं आहे. त्यांना सांगायचं ना!"

"कशाला? त्याची आजी म्हणत असेल तर बरंच आहे. आजी लोक खूप जणांना गाणी शिकवतात." मग म्हणाले, "अजून जूनपर्यंत पोचलं नाही, म्हणजे अजून काही आज्या कमी पडतायत."

हसत म्हणाले ते, पण मला काही हसू आलं नाही.

*

आणि मग मॉरिसव्हिलहून फोन आला.

तिथलं गुरुवारचं भजन एका क्लबहाउसमध्ये होतं. शेजारच्या खोलीत त्याच वेळी गोधड्या शिवणाऱ्या अमेरिकन आज्यांचा ग्रुप बसतो. इकडे टाळ, तिकडे सुया. कधी कुणाची कटकट नाही. त्या दिवशी त्या ग्रुपमध्ये एक नवीन बाई आल्या होत्या, बहिणीकडे राहायला आलेल्या. भजन रंगात आलं, सगळे "उठता रस्टी, बसता रस्टी" म्हणत होते, आणि दार उघडून त्या आत आल्या. गळ्यात मोजायची टेप, हातात सुई तशीच.

म्हणाल्या, "माफ करा, पण ही धून माझा नवरा एसीखाली पडून गुणगुणायचा. आणि तुम्ही माझ्या कुत्र्याची पूजा का करताय?"

भजनातल्या एका काकांनी घाबरून हेमंतला फोन लावला. हेमंतला आयुष्यात पहिल्यांदा काही मत सुचलं नाही. त्याने त्यांना माझा नंबर दिला.

महिनाभराने जून आजी आमच्या गॅरेजमध्ये आल्या. त्यांनी काकांना आधी कळवलं होतं की गाणं ऐकून जाईन, पुढचं काही विचारायचं नाही. काका इस्त्रीचा शर्ट घालून दुपारपासून खुर्चीत बसून होते.

त्या आत आल्यावर काका उठले. इतकी वर्षं मनात काय काय जुळवलं असेल माणसाने! पण बोलले एवढंच, "रस्टी कसा होता?"

"शेवटी शेवटी फार जाड झाला," त्या म्हणाल्या आणि सतरंजीच्या कडेला खुर्चीवर बसल्या. "म्हण."

काका इंग्रजीत गायले. प्रशांतचा इतका हलका ठेका मी कधी ऐकला नव्हता. हेमंतने पेटीवर फक्त सूर धरून ठेवला. घर ने, ट्रक ने, झाड ने. जून आजी खाली बघत होत्या. चेहऱ्यावर काही दिसेना. आणि मग शेवटचं कडवं आलं. त्यांनी मान वर केली ती गाणं संपेपर्यंत खाली घेतली नाही. काका गात होते आणि मी देवाचा धावा करत होते, कारण आता या बाई उठून गेल्या तर पुन्हा कुठून आणायच्या?

गाणं संपलं. त्या म्हणाल्या, "वेन, हे शेवटचं तू लिहिलेलं नाहीस."

"नाही."

"वाटलंच. कुणी लिहिलं?"

काकांनी माझ्याकडे बोट केलं. मी म्हटलं, "माझ्या सासूबाईंनी. त्या आता परत भारतात गेल्या, कराडला."

"त्या मला ओळखतात?"

"नाही."

"यानं त्यांना काही सांगितलं होतं?"

"काका कधी कुणाला काही सांगतात का?" मी म्हटलं, आणि जून आजी पहिल्यांदा हसल्या.

"मग त्यांना कळलं कसं? मी माझ्या बहिणीलाही हे सांगितलं नव्हतं. मला त्यांनाच विचारायचंय."

कराडला तेव्हा रविवारची पहाट होती. मी व्हिडिओ कॉल लावला. सासूबाई चहा टाकत होत्या. फोन साखरेच्या डब्याला टेकवून त्यांनी चष्मा पुसला आणि जून आजींना नीट न्याहाळलं.

"हीच का ती? बारीक आहे गं! जेवलीय का काही?"

"जेवतील, आई. त्या विचारतायत, त्यांच्या मनातलं तुम्हाला कसं कळलं?"

मागे सासरे आरामखुर्चीत पाठमोरे बसले होते. सासूबाईंनी एकदा वळून तिकडे बघितलं, गॅस बारीक केला आणि म्हणाल्या, "तिला सांग, आमच्याकडे कुत्रा नव्हता, रेडिओ होता."